तुळईच्या पोटातला ताण

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी जिथे आयुष्य काढलं ती जागाच तशी होती: एका लांबलचक काँक्रीटच्या तुळईच्या पोटात, एका नळीत, गच्च अंधारात. मी सात तारांना पीळ घालून केलेला पोलादी दोर. आता जुना झालोय, गंजलोय आणि कापलाही गेलोय. म्हणूनच आज उजेडात पडून तुमच्याशी बोलतो आहे.

माझ्या सातही तारा आधी जाडजूड सळया होत्या. कारखान्यात त्यांना एकापेक्षा एक अरुंद भोकांतून ओढून काढलं. प्रत्येक भोकातून बाहेर पडताना त्या बारीक झाल्या आणि तितक्याच चिवट झाल्या. मग एक तार मधे सरळ ठेवून बाकीच्या तिच्याभोवती वळवल्या आणि माझा जन्म झाला.

तिथून मी एका बांधकामावर आलो. पोहण्याच्या तलावावर छप्पर घालायचं होतं. पाण्यात खांब उभे करता येत नाहीत, म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुळया टाकायच्या होत्या. तुळईच्या साच्यात एक नळी ठेवली होती. दोन्ही टोकांना उंच आणि मधे खाली झुकलेली, वाळत घालायच्या दोरीला ओल्या कपड्यांचा भार झाल्यावर ती झुकते तशी. त्या नळीत मी आणि माझी तीन भावंडं जाऊन बसलो. भोवती काँक्रीट ओतलं गेलं आणि ते कडक झालं.

मग जॅक, म्हणजे दोर ताणायचं यंत्र, आला. त्याने माझं टोक पकडलं आणि ओढायला सुरुवात केली. मी जवळजवळ वीतभर लांबलो. आता तुटतो की काय, असं वाटत असतानाच पोलादी पाचरी माझ्या अंगात रुतल्या आणि जॅकने मला सोडलं. मला पुन्हा आखूड व्हायचं होतं, पण पाचरी होऊ देईनात. माझी ती सगळी ओढ तुळईला दोन्ही टोकांकडून आवळू लागली. मित्रांनो, काँक्रीट दाब कितीही सोसतं, पण ताणलं की तडकतं. म्हणून आम्ही ते सतत आवळून धरायचं. खालचे टेकू काढले तेव्हा तुळई मधोमध किंचित वर उचलली होती. कामगारांनी शिट्ट्या वाजवल्या. असं कौतुक मला पुन्हा कधी ऐकायला मिळालं नाही.

वर्षं जातात तसा आमचा ताण थोडा उतरतो. काँक्रीट आकसतं, पोलादही जरासं नमतं. बांधणाऱ्यांनी ते धरूनच आम्हाला ओढलेलं असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आमचं नशीब फिरलं ते वेगळ्याच कारणाने.

आम्हाला हवा किंवा पाणी लागू नये म्हणून नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात. पंपवाल्याने एका तोंडाने ते भरलं. दुसऱ्या तोंडातून पांढुरकं पाणी आलं.

"आलं बघ! कर बंद," मुकादम म्हणाला.

"नुसतं पाणी आहे हो. घट्ट येऊ द्या की जरा."

"अरे, पुढच्या तुळया काय तुझा काका भरणार आहे? कर बंद!"

तोंड बंद झालं. आतलं मिश्रण बसलं, खाली सरकलं आणि नळीच्या उंच टोकाशी पोकळी राहिली. तिथे मी उघडा पडलो. बाहेरून तुळई कशी गुळगुळीत, देखणी दिसत होती!

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. खाली पोरांचा दंगा चाले. त्यांना पोहायला शिकवायला एक ताई होती. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाच्या पाठीखाली ती हात धरायची आणि म्हणायची, "मी धरलंय. तू फक्त छताकडे बघ." किती मुलांनी माझ्या तुळईकडे बघत पहिल्यांदा अंग पाण्यावर सोडलं असेल! तलावाचं व्यवस्थापन तिच्या थोरल्या भावाकडे होतं. हा दादा पहाटेपासून तिथे राबायचा. फरशी स्वतः घासायचा. तलाव म्हणजे त्याचा जीव की प्राण होता.

पुढे छपरावर पाण्याची टाकी बसली आणि ती झिरपू लागली. पाणी वाट काढत माझ्या पोकळीत आलं. गंजाने माझ्या अंगाला खळगे पाडले. मित्रांनो, गंजलेला दोर बारीक होतो, पण त्याची ओढ कमी होत नाही. उरलेल्या अंगालाच ती सोसावी लागते. एका सकाळी माझ्या शेजारचं भावंड टण्णकन तुटलं. त्याच्या वाटचा भार आम्हा उरलेल्यांवर आला. मला ओरडायचं होतं, पण काँक्रीटच्या आतून कोण ऐकणार?

तुळईच्या टोकाशी तपकिरी ओघळ दिसू लागला. तलावावरच्या पोहण्याच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या, म्हणून दादाने रंगारी बोलावला.

"गेल्या खेपेला इथेच रंग मारला होता," रंगारी म्हणाला. "डाग आतून येतोय."

"मग दोन हात जास्त मारा. पाहुणे येणार आहेत."

दोन हात मारले गेले.

त्याच आठवड्यात ताई एकटीच पाण्यावर उताणी तरंगत होती. तिचे कान पाण्याखाली होते. तेव्हा आमच्यातलं आणखी एक तुटलं. तो हादरा भिंतीतून उतरत तलावाच्या काठात आणि तिथून पाण्यात गेला. ताई ताडकन उभी राहिली.

"दादा, छतात काहीतरी तुटलं."

"तुझ्या कानात पाणी गेलं असेल."

"मी जन्मभर पाण्यात आहे. कानातलं पाणी मला कळतं."

"स्पर्धा तोंडावर आल्यात, ताई! आत्ता तलाव बंद केला तर लोक मला फाडून खातील."

"मग मला खाऊ देत. मी पोरांना आत सोडणार नाही."

ती खरोखरच दारात उभी राहिली. पालक चिडले. भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला. शेवटी, तिचं समाधान व्हावं म्हणून, दादाने एक इंजिनिअर बोलावला. मान उंच करून तो तासन्‌तास छत न्याहाळायचा, म्हणून दारातून डोकावणाऱ्या मुलांनी त्याचं नाव बगळा ठेवलं. बगळ्याने तुळईच्या टोकाला बारीक भोक पाडलं आणि आत कॅमेरा सरकवला. नळीत बसल्यापासून पहिल्यांदाच माझ्यापर्यंत उजेड आला. त्या उजेडात दादाने आम्हाला पडद्यावर पाहिलं. त्याने स्वतः जाऊन दाराला कुलूप लावलं.

तलाव रिकामा केला आणि तळावर लोखंडी टेकू उभे करायला सुरुवात झाली. दादा स्वतः कामगारांबरोबर खाली उतरला. एक कामगार वर परांचीवर बसून टेकूचं डोकं तुळईला टेकवत होता आणि दादा खालून त्याचा स्क्रू आवळत होता. तेवढ्यात आमच्यातलं तिसरं गेलं. सगळा भार माझ्यावर कोसळला. माझ्या दोन तारा तुटल्या. तुळई खचली आणि तिच्या पोटाला चीर गेली.

"पळा! बाहेर या!" बगळा ओरडला.

"दादा!" काठावरून ताईने हाक मारली.

वरचा कामगार अजून उतरतच होता. दादा हलला नाही. दात आवळून तो स्क्रू फिरवत राहिला. मित्रांनो, माझ्या उरलेल्या पाच तारांनी जे काही होतं ते सगळं पणाला लावलं. काँक्रीटचा एक ढलपा सुटला आणि दादाच्या खांद्यावर पडला. तो कोसळला, पण तोवर टेकू घट्ट बसला होता. माझ्यावर नव्याने आलेला भार टेकूने उचलला. कामगार धडधाकट उतरला आणि त्यानेच दादाला खांद्यावर टाकून बाहेर नेलं.

छप्पर उतरवावं लागलं. स्पर्धा दुसरीकडे गेल्या. दादाचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. ताई त्याच्या शर्टाची बटणं लावते, तेव्हा तो दुसरीकडे बघतो. एकदा तो म्हणाला, "तू दारात उभी राहिली नसतीस तर..."

गावातले काही लोक मात्र अजून म्हणतात, "बाईने उगाच तमाशा केला. तुळई पडली का? नाही ना? मग?" परवा एक आई भिंतीपलीकडे हेच बोलत होती. तिचा मुलगा त्या दिवशी पोहायला आला होता आणि दारातून रडत परत गेला होता. मी इथे तलावाच्या आवारात, भंगाराच्या ढिगात पडून ऐकत होतो. मला वाईट वाटलं, पण रागवणार कुणावर? पोरं खाली असताना मी तुटलो असतो तर तिला पटलं असतं. पण मग तिच्यापाशी तो मुलगा उरला नसता.

मित्रांनो, उद्या माझा ट्रक येईल आणि मी भट्टीत जाईन. जाण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या डोक्यावर जे छप्पर आहे, पायाखाली जो पूल आहे, ते सगळं कुणीतरी आतून ओढून धरलेलं आहे. त्या धरणाऱ्याला दुखतं तेव्हा तो बोलू शकत नाही. तो धरून आहे तोवरच त्याला बघायला या.