टेपखालच्या चिरा

मित्रांनो, मी एक जुनी गॅसवाहिनी आहे आणि मला माझीच भीती वाटते.

जाड पोलादी पत्रा वाकवून, कडा जोडून मला घडवले. काळी चिकट टेप गुंडाळून जमिनीत पुरले. गॅस पुढे ढकलणारे केंद्र माझ्या उशाशीच होते. त्यामुळे सगळ्यात गरम गॅस आणि सगळ्यात जास्त दाब माझ्याच वाट्याला आला. पहिल्यांदा चुली पेटल्या तेव्हा माझे काय कौतुक झाले! मग सवय झाली आणि लोक मला विसरले.

तिथेच घात झाला. उष्णतेने टेपचा गोंद सुटला आणि सुरकुत्यांतून क्षारांचे पाणी आत शिरले. गंजू नये म्हणून मला विजेचा बारीक प्रवाह देतात, तोही सुटलेल्या टेपने अडवला. वरची माणसे त्या प्रवाहाची मोजणी करून 'सगळे ठीक' म्हणत जात. खाली पाणी बाहेरून पोखरत होते, दाब आतून ताणत होता, आणि माझ्या अंगावर केसाहून बारीक चिरा उमटत होत्या. एक चीर शेजारणीला जाऊन मिळाली की माझा थरकाप उडे. ओरडायची तर चोरीच. माझे ओरडणे म्हणजे स्फोट.

अखेर तपासणीसाठी खड्डा खणला. दाब थोडाच उतरवला होता. खड्ड्यात मुकादम होता आणि हाताखाली त्याचा सख्खा जावई. तपासनीस बाई येण्याआधी मुकादमाला मला सजवायची हौस आली.

"जावईबापू, असं घासा की मॅडमना तोंड दिसलं पाहिजे."

विजेवरचा तारेचा ब्रश फिरला. मी चकचकले, पण घासलेले पोलाद पसरून चिरांची तोंडे बुजली. बाईंनी पांढरा रंग फवारला, चुंबक लावून लोखंडाच्या भुकटीचे काळे पाणी सोडले. चीर असती तर तिथे भुकटी जमून रेघ उठली असती. काहीच उठले नाही. मुकादमाची छाती फुगली. बाई सामान आवरू लागल्या आणि माझा धीर सुटला.

आवरता आवरता त्यांचा हात त्या चकाकीवर थांबला. हे कशाने घासले, असे त्यांनी विचारले. मुकादमाने ऐटीत ब्रश दाखवला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुढची वीतभर टेप सोडवली, ती जागा बारीक वाळूच्या हलक्या माऱ्याने साफ केली आणि पुन्हा काळे पाणी सोडले.

रेघा उठल्या. एक नाही, जाळेच. जावयाचा गुडघा अगदी त्या रेघांना टेकला होता.

"सगळे वर चला. काही आपटू नका," बाई हळूच म्हणाल्या आणि दाब उतरवायला फोन लावला.

एरवी जावयाला अहो-जाहो करणारा मुकादम पांढराफटक पडला होता.

"आधी तू चढ," तो म्हणाला, आणि त्याला खांद्याचा आधार देऊन स्वतः शेवटी निघाला.

मी फाटले नाही. माझा तो तुकडा कापून नवा जोडला. कापलेल्या कडेला चिरा किती खोल गेल्या होत्या ते मुकादमाने नखाने चाचपून पाहिले. आता तो ब्रशला हात लावू देत नाही.

पण मित्रांनो, मी काही एवढीच नाही. पलीकडे शाळेच्या मैदानाखाली मी तशीच पडून आहे, अंगावर तीच सुटलेली टेप आहे. दाब सध्या कमी ठेवलाय. मागणी वाढली की तोही वाढेल. मी गप्प आहे म्हणून बरी आहे, असे समजू नका. वर मुले धावतात, त्यांची पावले मला ऐकू येतात. दाब वाढवण्याआधी तिथे खणा.