भिंगगुरुजी आणि माझं शिफारसपत्र

दर शनिवारी सकाळी दहाला भिंगगुरुजींच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसे. लग्नाचे फोटो काढणारे, पासपोर्टचे फोटो काढणारे, पक्ष्यांमागे रानोमाळ हिंडणारे, सगळे आपापली नवीकोरी लेन्स तान्ह्या बाळासारखी कापडात गुंडाळून उभे असत. गुरुजी नव्या लेन्समधला दोष शोधून देत आणि वर तो घालवूनही देत.

आतल्या खोलीत भिंतीवर लाकडी फळा होता. त्यावर वर्तमानपत्राचं एक पान ताणून चिकटवलेलं. गुरुजी तुमची लेन्स कॅमेऱ्याला लावत, पानाचा फोटो काढत आणि मोठ्या पडद्यावर दाखवत. डावीकडची अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ, उजवीकडची धुरकट. जमलेल्यांच्या तोंडून एकच सुस्कारा निघे. “जन्मदोष,” गुरुजी डोळे मिटून सांगत. “भिंगाची उजवी बाजू उदास आहे.” मग ते सगळ्यांना बाहेर काढत, कारण उदास भिंगाला म्हणे एकांत लागतो. दार लावून मखमलीच्या फडक्याने उपचार चालत. पाच मिनिटांनी पुन्हा फोटो. उजवी बाजू लख्ख!

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मी म्हणजे कोण? धंद्याने फोटोग्राफर, पण वीस वर्षं शाळाशाळांतून बुवाबाजीविरुद्ध व्याख्यानं झोडणारा, पाण्याने आग पेटवून दाखवणारा आणि ‘मुलांनो, यामागे विज्ञान आहे’ असं छाती फुगवून सांगणारा गृहस्थ. माझ्यासारख्याला पटलं म्हटल्यावर गुरुजींनी ते माझ्याकडून लिहूनच घेतलं. ‘मी स्वतः तपासले आहे, यात कोणतीही हातचलाखी नाही’ असं माझ्या वळणदार सहीचं पत्र चौकटीत बसवून त्यांनी जिन्यातच टांगलं होतं. तपासलं होतं म्हणजे काय, तर पडद्याकडे आ वासून बघितलं होतं.

आणि मग माझीच पाळी आली. सरकारी दप्तरखान्यातले जुने नकाशे फोटोत उतरवून घ्यायचं काम मला मिळालं होतं. कागद इतका जीर्ण झालेला की गुंडाळी एकदाच उलगडायची, फोटो काढायचा आणि कायमची बंद करून ठेवायची. दुसरी संधी नाही. त्यातून ते नकाशे माझ्या सासऱ्यांनी हाताने काढलेले. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी खास या कामासाठी लेन्स घेतली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “कडेची अक्षरं नीट येऊ द्या. बाबांचा सगळ्यात जास्त वेळ कडेलाच जायचा.”

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लेन्समध्ये दोष निघाला तर? कडा धुरकट आल्या तर? घाबरलो की माझी अक्कल रजेवर जाते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सोमवारी काम सुरू होणार, म्हणून शनिवारी मी लेन्स घेऊन गुरुजींकडे हजर. बायकोही सोबत आली. ती शिवणकाम करते, आणि माझ्या तोंडून गुरुजींची एवढी स्तुती ऐकल्यावर तिला तो माणूस बघायचाच होता.

पडद्यावर माझ्या लेन्सचीही उजवी बाजू धुरकट निघाली. गुरुजींनी या वेळी मानच हलवली. दोष मुरलेला आहे, फडक्याने जायचा नाही, लेन्स उघडावी लागेल, असं सांगून त्यांनी बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. एकदा स्क्रूला हात लागला की कंपनी लेन्स परत घेत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी होकार दिला. स्क्रू ठेवायला स्वतःचा रुमालसुद्धा पसरला.

“थांबा,” बायको म्हणाली. “आधी कॅमेरा उलटा, खालची बाजू वर करून एक फोटो काढा.”

गुरुजी हसले. वहिनी, भिंग नाजूक असतं, शंका घेतली की रुसतं, वगैरे त्यांनी सुरू केलं. पण त्यांच्याहून मोठा आवाज माझा होता. “अगं, हे शास्त्र आहे, शिवणकाम नव्हे.”

ती शांतपणे म्हणाली, “कपड्यावर डाग दिसला की मी कपडा फिरवते. डाग फिरला तर कपड्यावरचा. जागेवरच राहिला तर माझ्या चष्म्यावरचा.”

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला ते पटलं. त्याने कॅमेरा उलटा धरला. आता लेन्सची उजवी बाजू पानाच्या डाव्या बाजूसमोर आली होती. दोष लेन्सचा असता तर पानाची डावी बाजू धुरकट यायला हवी होती. फोटो पडद्यावर सरळ करून बघितला. धूर उजवीकडचा हललाच नव्हता.

बायकोने पर्समधून टेप काढली. कॅमेऱ्यापासून फळ्याची डावी कड मोजली, मग उजवी. उजवी कड दीड इंच जवळ भरली. ती उठून फळ्याच्या बाजूला गेली आणि मागे हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात लाकडाची पाचर होती. फळा डावीकडे बिजागरीवर होता. पाचर निघताच त्याची उजवी कड खट्कन भिंतीला टेकली. कुणीही हात न लावलेल्या माझ्या त्याच लेन्सने पुन्हा फोटो काढला. दोन्ही बाजू लख्ख आल्या.

लेन्स पूर्ण उघडी ठेवून इतक्या जवळून फोटो काढला, तर जेमतेम बोटभर जाडीतलं स्पष्ट येतं. त्याच्या पुढचं-मागचं सगळं धुरकट. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. आम्ही बाहेर ताटकळत असताना गुरुजी उपचार करायचे ते पाचरीवर. फोटोच्या धंद्यात जन्म काढलेल्या आमच्यापैकी एकालाही कधी फळ्याच्या बाजूला जाऊन बघावंसं वाटलं नाही. चौकटीत दिसतं तेच खरं मानायची आम्हाला सवय लागलेली.

“श्रद्धा नसेल तिथे भिंग साथ देत नाही,” असं पुटपुटत गुरुजींनी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. पुढच्या शनिवारी दाराला कुलूप होतं. मी मात्र त्या दिवशी उतरतानाच जिन्यातलं माझं पत्र चौकटीसकट काखेत मारलं होतं. घरी पोचेपर्यंत बायकोची तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “नकाशे नीट काढा, म्हणजे झालं.”

नकाशे नीट आले. शेवटच्या नकाशात अगदी उजव्या कडेला एक निनावी ओढा होता. त्यावर सासऱ्यांनी तिळाएवढ्या अक्षरांत आपल्या मुलीचं लाडाचं नाव लिहून ठेवलेलं. ती ते पडद्यावर बराच वेळ बघत राहिली आणि मग तिला रडू आलं. लेन्स उघडायला रुमाल पसरणारा मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो.

हल्ली व्याख्यानाला जाताना मी आगीचं सामान नेत नाही, ते पत्र नेतो. आधी सही झाकून मोठ्याने वाचून दाखवतो. कोण हा मूर्ख, म्हणून मुलं पोट धरून हसतात. मग मी बोट बाजूला करतो. मुलं सही वाचतात, मग माझ्याकडे बघतात. तेव्हा सांगतो, मुलांनो, फसायला अडाणी असावं लागत नाही, घाबरलेलं असलं तरी पुरतं. म्हणून भीती वाटेल तेव्हा कुणाच्याही पायाशी जाण्याआधी वस्तू एकदा उलटी करून बघा, टेप लावून मोजा, आणि फळ्याच्या मागे हात घालून बघा.