पुस्तकावरचा हात

जमिनीखाली पाणी आहे की नाही, हे सांगणे हा माझा व्यवसाय आहे. लोखंडी खुंट्या रोवायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खडक तिला किती अडवतो ते यंत्रावर पाहायचे. लोक त्यात दैव शोधतात. मी आकडे टिपतो.

नळदुर्गच्या दक्षिणेकडील एका गावातून रामहरी यांनी मला बोलावले. त्यांच्या रानात पोचलो, तेव्हा पपईची बाग भरात होती आणि बांधालगतच्या बोअरला चांगले पाणी होते. मग नवी जागा कशासाठी, असे मी विचारले.

"त्या बाभळीच्या बुंध्यापासनं अलीकडं बगा, सर," ते म्हणाले. "तेवढंच माझं हाय."

"आणि बोअर?"

"ते शांताक्काच्या रानात हाय."

तोडलेल्या बाभळीचा तो बुंधा बांधापासून बराच आत, बागेच्या मधोमध होता. मी यंत्र उघडले नाही. त्यांना आणखी काही सांगायचे आहे, हे दिसत होते.

रामहरी गावातील ख्रिस्ती मंडळीचे पंच. एका कोरड्या वर्षी त्यांनी रानात एकट्याने गुडघे टेकून पाण्यासाठी प्रार्थना केली. उठताना जी जागा आपल्याला दाखवली गेली असे त्यांना वाटले, ती बांधापलीकडे, शेजारच्या शांताक्कांच्या रानात होती. देवाने दाखवलेली जागा चुकीची असू शकत नाही, असे मानून त्यांनी हद्दीचा दगड उचलून पुढे रोवला, जुन्या बांधावरची बाभूळ तोडली आणि तो बांध नांगरून टाकला. शांताक्का तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी सीमेपलीकडे आळंदला गेल्या होत्या. त्या परतल्या तोवर बोअरला पाणी लागले होते आणि रामहरींनी उपासनेत तशी साक्षही दिली होती. देवाने आपल्यासाठी काय केले, हे उपासनेत उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष. या साक्षीची उलटतपासणी होत नाही.

शांताक्कांनी सरकारी मोजणी मागवली नाही. चावडीसमोर त्या एवढेच म्हणाल्या, की दगड हलवला आहे; नसेल तर तुझ्या पुस्तकावर हात ठेवून सांग. रामहरींनी बायबलवर हात ठेवला आणि बांध जुनाच आहे असे सांगितले. त्या गप्प झाल्या. एका लिंगायत बाईने परक्या धर्मग्रंथावर विश्वास टाकला, असा निष्कर्ष मी काढला.

"तवापासनं प्रभुभोजनाची थाळी माज्याकडं आली, की भाकर न घेता मी ती म्होरं सरकवतो," रामहरी म्हणाले. "लोकांना वाटतं, पंच लई नम्र हाय." प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत उपासनेत भाकरीचा तुकडा वाटून खाणे; मनात खोट असेल तर तो घेऊ नये, असे मानतात.

"मग आता?"

"माज्या बाजूला पाणी लागू दे, अक्कांचं रान माघारी देतो. देवाला तसं बोललोय."

"आणि नाही लागलं तर?"

त्यांची पत्नी मार्थाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "त्याचं कायबी बोलले न्हाईत देवाला," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत मी मोजत राहिलो. मुरमाचा थर पातळ होता आणि खाली भेग नसलेला काळा पाषाण. शंका नको म्हणून खुंट्या काढून पुन्हा रोवल्या. उत्तर तेच आले.

"पाणी नाही," मी सांगितले.

"थोडं सरकून बगा की."

मी सरकलो. तेथेही पाषाणच होता.

"आजून थोडं."

मी पुन्हा सरकलो. आता माझी टाच बाभळीच्या बुंध्याला लागली.

"यापुढे गेलो तर तुमची हद्द संपते," मी म्हणालो.

मी केवळ तांत्रिक अडचण सांगितली होती. रामहरी मात्र बुंध्याकडे पाहत उभे राहिले.

"तवाबी असाच सरकलो," ते म्हणाले. "आन आजबी सौदाच करत व्हतो देवासंगं. मार्था, पहार दे."

"बाग जाईल," मार्थाबाई म्हणाल्या.

"जाईल."

मार्थाबाईंनी पहार दिली आणि स्वतःच जाऊन मोटर बंद केली.

शांताक्का त्यांच्या रानात तुरीच्या पेंढ्या रचत होत्या. रामहरींनी डोक्याचा रुमाल काढला आणि दगड कोणी, केव्हा, कसा हलवला ते सगळे सांगितले.

"ठाऊक हाय," शांताक्का म्हणाल्या. हातातली पेंढी त्यांनी आधी नीट जागेवर ठेवली. "माज्या रानाचा दगड मला कळत न्हाय व्हय?"

"मग तवा गप का बसला, अक्का?"

"तू पुस्तकावर हात ठेवलास. म्हटलं, आता हे भांडण माजं न्हाय. तुजं आन तुज्या देवाचं हाय. लई येळ लावलात दोगांनी."

माझा निष्कर्ष चुकीचा होता, याची मी मनात नोंद केली.

"माफी मागतो, अक्का."

"माग की. पर पपईला पाणी मिळायचं न्हाय, आदीच सांगते. घरात प्यायला घागर ने. झाडाला थेंब न्हाय."

"न्हाय मागत."

"आन रविवारी तुज्या लोकांम्होरं सांग. गावानं मला खोटी म्हटलंय."

दगड उपटायला रामहरींना बराच वेळ लागला. तो बुंध्याजवळ रोवताना शांताक्का दोनदा म्हणाल्या, की वाकडा आहे. दोन्ही वेळा त्यांचे बरोबर होते.

रविवारी मी पुन्हा त्या गावी गेलो. एक खुंटी रानात राहिली होती हे खरे. पण ती सोमवारीही आणता आली असती. मी त्या मंडळीतला नसल्याने प्रार्थनामंदिरात मागच्या सतरंजीवर बसलो. शांताक्का आत आल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

रामहरी उठले. "मी बोअरची साक्ष दिली व्हती, ती खोटी हाय," ते म्हणाले. "पाणी देवानं दिलंबी असंल, पर मला न्हाय. ते अक्काच्या रानात व्हतं. त्या खरं बोलत व्हत्या, आन मी पवित्र शास्त्रावर हात ठेवून खोटं बोललो. मला पंच ठेवू नका. पयल्या दिवशी बाप्तिस्मा घेताना जे वचन दिलं, ते आज पुन्यांदा देतो. आता काय बी घासाघीस न करता."

पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, भाकर मोडली आणि थाळी फिरू लागली. रामहरी मागे येऊन माझ्या शेजारी बसले होते. थाळी त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली. ते दाराकडे पाहत होते.

"घे की," शांताक्का चौकटीतून म्हणाल्या. "माणसं खोळंबलीत."

त्यांनी तुकडा उचलला. मग तो तळहातावर धरून पाहिला आणि खाल्ला. त्याचे वजन मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

मग थाळी माझ्याकडे आली. मी ती पुढच्या माणसाकडे सरकवली. नम्रतेमुळे नव्हे.