पुढची हाक

ट्रिंग!

"आलो, पप्पा!" मेलरॉय लॅपटॉप सोडून आतल्या खोलीकडे धावला.

फोनवर ऑफिसचा डेरिक होता. तो हसला. "काय रे, अंकल अजून पाव विकतायत काय?"

पप्पांची, म्हणजे इग्नेशियसची, ती पाव विकायच्या सायकलची घंटी. तिच्यावर अख्खं आगाशी गाव उठायचं. मांजरं म्हणे दारोदार रांग लावायची, आणि एका रविवारी तर चर्चची घंटा लाजून अर्धा तास वाजलीच नाही! धो धो पावसात सायकल हाणली, पण गड्याने एक पाव कधी भिजू दिला नाही. आता अर्धांगाने उजवी बाजू गेली होती, आवाज कुजबुजीपुरता उरला होता. चालत होता तो डावा अंगठा, आणि त्याखाली ही घंटी.

"पाणी," इग्नेशियस पुटपुटला. मेलरॉयने त्याच्या हातातली घंटी टेबलावर ठेवली, पेला दिला, ओठ पुसले आणि पळाला.

त्याचं स्वतःचं दुखणं वेगळंच होतं. प्रोसेसरच्या पोटात काम मोजणारा काउंटर असतो. तो भरून वाहिला, ओव्हरफ्लो झाला, की प्रोसेसर हाक मारतो, म्हणजे इंटरप्ट देतो, आणि कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, हातचं काम टाकून नोंद घ्यायची. मेलरॉयचा कर्नल पहिल्या हाकेला धावायचा. पुढे चिडीचूप. संध्याकाळच्या आत हे सुटायला हवं होतं.

"काउंटरच बिघडलाय यार."

"हार्डवेअरवर ढकलू नको. ओव्हरफ्लो झाला की तू काय करतो, एकेक सांग."

"हाक येते. जातो. नोंद घेतो. परत येतो."

"आणि पुढची हाक यायला? इंटरप्ट परत चालू कोण करणार, तुझा सासरा?"

मेलरॉयची बोटं कीबोर्डवर थांबली. घर बराच वेळ गप्प होतं. मघापासून ती शांतता त्याला बरी वाटत होती.

तो उठला तो खुर्ची पाडूनच.

इग्नेशियस पलंगाच्या कडेला ओणवा झाला होता. डावा हात टेबलाकडे ताणलेला, घंटी वीतभर लांब. लुंगी ओली.

"पप्पा, माझंच चुकलं..."

"एवढे पावसाळे काढले," म्हातारा कुजबुजला, "माल आज पहिल्यांदा भिजला बघ."

मेलरॉयला हसता येईना. त्याने पाय पुसले, धुतलेली लुंगी नेसवली. मग घंटी त्या हातात ठेवून एकेक बोट तिच्याभोवती मिटवलं.

बाहेर येऊन त्याने इंटरप्ट परत चालू करायची राहिलेली ओळ लिहिली. पडद्यावर नोंदी उतरू लागल्या, एकामागून एक.

"चाललं काय रे?" डेरिकने विचारलं.

ट्रिंग!

मेलरॉय उत्तर न देताच आत धावला. "काय हवं, पप्पा?"

"काय नाय." इग्नेशियसने अंगठा घंटीवर नीट टेकवला. "चालते का बघितली."