बुधवारवाले, शनिवारवाले आणि माझं एक दार

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. लाडू-चिवड्याचा नव्हे, रेल्वेचा. वेल्सच्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणींवर मी तीस वर्षं कामगारांची ने-आण केली. वर्षातून एकदा मुलांची सहल समुद्रावर निघाली की माझ्या खिडक्यांसाठी भांडणं होत. मग खाणी बंद पडल्या, रूळ गंजले. एका शेतकऱ्याने मला नेऊन माझ्यात कोंबड्या पाळल्या, त्याही चाळीस वर्षं. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही; पण अंडी चांगली निघाली म्हणून कौतुक व्हावं, हे काही डब्याला शोभत नाही.

पुढे काही हौशी माणसांनी ती गाडी पुन्हा सुरू केली. पगार कोणालाच नाही, वर घरच्यांची बोलणी. त्यांनीच मला दुरुस्तीसाठी शेडमध्ये आणलं. बुधवारी निवृत्त मंडळी यायची. त्यांचा म्होरक्या इद्वाल, जुना सुतार. शनिवारी नोकरदार यायचे. त्यांची पुढारी मेरेरिड, एरवी घरोघर टपाल वाटणारी. दोघांची गाठ पडत नसे, निरोप फळ्यावर लिहीत.

गाडी चालवणाऱ्या मंडळाने मुदत घातली होती. ऑक्टोबरअखेर मी तयार झालो नाही, तर माझी जागा दुसऱ्या डब्याला आणि मी बाहेर ताडपत्रीखाली. तिथला पाऊस मला ठाऊक आहे. माझं लाकूड त्यात टिकलं नसतं. मला फार भीती वाटत होती.

आणि हे लोक अडून बसले होते एका दाराशी. बुधवारी ते दार घट्ट बसे. इद्वाल रंधा मारून सैल करी. शनिवारी त्यात बोटभर फट दिसे. मेरेरिड पट्टी ठोकून बुजवी. पुढच्या बुधवारी पुन्हा रंधा. फळ्यावरची भाषाही तिखट झाली. "दार म्हणजे चीज नव्हे, किसत बसायला," असं शनिवारवाल्यांनी लिहिलं. उत्तर आलं, "पाकीट चिकटवतात तसं दार चिकटवू नये."

खरं कारण मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे? बुधवारवाले बारा जण चहाला माझ्यातच बसत, तेही सगळे एकाच टोकाला, कारण शेडमधली शेगडी त्या बाजूला. कोंबड्यांच्या घाणीने माझी खालची तुळई कुजली होती. त्या बारा जणांच्या वजनाने मी वाके आणि दार अडके. इद्वाल चहा पितानाच पेन्सिलीने खूण करी आणि नंतर तेवढं तासून टाकी. ते उतरले की मी पुन्हा सरळ होई आणि तिथे फट पडे.

सप्टेंबरात मेरेरिड एक दिवस रजा काढून बुधवारी आली, भांडायलाच. तिने बाहेरून दार ओढलं. ते हलेना. तिने खिडकीतून पाहिलं, बाराही जण एकाच टोकाला बसले होते.

"बघ पोरी, तुझ्या पट्ट्यांचे प्रताप," इद्वाल आतून म्हणाला.

"आधी सगळे पलीकडच्या दाराने खाली उतरा."

"अगं, चहा गार होईल."

"मग कप घेऊन उतरा."

बाराही जण उतरले. मेरेरिडने एका बोटाने दार उघडलं. इद्वाल गुडघे टेकून माझ्याखाली शिरला. त्याने तुळईला पेन्सिल टोचली, ती अर्धी आत गेली.

"याच्यात आपण माणसं बसवणार होतो," तो हळूच म्हणाला. "जन्मभर सुतारकी केली आणि दार तासत बसलो."

"मी तरी काय, ठोकतच होते की," मेरेरिड म्हणाली.

नवी तुळई म्हणजे फेब्रुवारीपर्यंतचं काम. मुदत हुकणार, हे मी ओळखलं. पण ऑक्टोबर संपताना दुसरा डबा आला, तेव्हा शेडची एक बाजू रिकामी होती. बुधवारवाल्यांनी आपलं सुतारकामाचं टेबल, शेगडी, किटली सगळं बाहेर ताडपत्रीखाली नेलं होतं. मी जिथे होतो तिथेच राहिलो. त्या थंडीत ती म्हातारी माणसं कॉलर वर करून बाहेर रंधा मारत, आणि आता शनिवारीही येत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे वेगळं सांगायला नको. माझं मागणं दुसरंच आहे. माझी तुळई आता भक्कम ओकची आहे, चाळीस माणसं सहज बसतील. तरी मला जपायचं म्हणून ती मंडळी अजून बाहेरच चहा पितात. इद्वालला खोकला झालाय. कधी तिकडे गेलात, तर त्यांना सांगा: आत येऊन बसा, म्हणावं. सगळे एकाच टोकाला बसलात तरी चालेल.