डाव्या कमरेवरचा बो

दुकानाच्या काचेसमोर जर्मेन थबकली. फॅशनवाल्या मस्यू लेस्कूरचा जो नवा झगा पॅरिसला अजून आठवड्याने दिसायचा होता, तो नदीपलीकडच्या या फडतूस दुकानात आधीच ऐटीत उभा होता.

बोभाटा तीन दिवसांपूर्वीच झाला होता. "झग्याचं चित्र बाहेर गेलंय. तुमच्याच पोरींपैकी कुणीतरी," मस्यू म्हणाले होते. बावीस वर्षं त्यांची शिवणखोली सांभाळणाऱ्या जर्मेनने मान खाली घालून नाव सांगितलं, ओदिल. झगा शिवायला ओदिलच्या हातात होता आणि तिचा भाऊ कापडाच्या दलालाकडे कामाला. तेवढं पुरलं, ओदिलला काढून टाकलं. वास्तविक गेल्या नोव्हेंबरात, पंचविशी गाठलेल्या बिनलग्नाच्या शिवणकरणींना सणाला घालतात ती हिरवी-पिवळी टोपी जर्मेननेच तिच्या डोक्यावर ठेवली होती, आणि आपली स्वतःची टोपी आठवून रडलीही होती. जाताना ओदिल एवढंच म्हणाली, "मादाम, तुम्हीसुद्धा?"

आता जर्मेनला झग्यावरचा बो, ती फितीची मोठी गाठ, दिसला. तो डाव्या कमरेवर होता.

शिवणखोलीत तो डावीकडे कधी नव्हताच. चित्रात होता. पण मांजरपाटाचा पहिला नमुना टाचताना तिनेच सांगितलं होतं, डाव्या हातात पर्स आली की हा झाकला जाणार. मस्यूंनी तिथल्या तिथे तो उजवीकडे घेतला. चित्र दुरुस्त करतो म्हणाले आणि तसंच आपल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. ओदिलच्या हातात झगा आला तो त्यानंतर. चित्र दोघांनीच पाहिलं होतं, त्यांनी आणि तिने.

ती तडक मस्यूंच्या खोलीत गेली.

"ते चित्र काढा बघू."

"आता कशाला?"

"बो कुठल्या बाजूला आहे ते बघायचंय."

मस्यूंचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ते समजुतीने बोलू लागले. "हे बघा जर्मेन, हल्ली चोरी झाल्याशिवाय कुणी विचारत नाही. गवगवा झाला, आता सगळे बघायला येतील. आपलाच धंदा चालणार ना?"

"आणि त्यासाठी पोरीचा बळी दिलात?"

"मी? मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. नाव तुम्ही दिलंत."

या माणसासाठी तिने डोळे झिजवले होते, आणि त्याने तिच्याच हाताने तिचं माणूस कापलं होतं.

वर शिवणखोलीत येऊन तिने वीस पोरींसमोर झग्याच्या उजव्या कमरेवरचा बो उसवला आणि डावीकडे टाचला.

"चित्रात हा असा होता. तुमच्यातल्या कुणी तो असा पाहिलाय?"

कुणीच पाहिला नव्हता.

"दुकानातल्या झग्यावर असाच आहे. चित्र मस्यूंच्या कपाटात होतं. त्यांनीच विकलं. आणि ओदिलचं नाव मी घेतलं."

सुया थांबल्या. खिडकीजवळची म्हातारी रेन, जी जर्मेनच्याही आधीपासून तिथे शिवत होती, तिने दोरा दातांनी तोडला.

"आम्हाला सांगून काय उपयोग, बाई," ती म्हणाली. "ओदिल सहाव्या मजल्यावर राहते. जिने चढा."