घोंगड्याचे चार तुकडे

कॉम्प्युटर दुसऱ्यांदा आपोआप बंद पडला, तेव्हा ज्ञानेश्वरीने डब्यावर पांघरलेलं घोंगडं ओढून काढलं. पत्रा चांगलाच तापला होता. आवाज दाबायला गेली आणि मशीनच गुदमरलं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं घरबसल्या काम पुण्याची एक संस्था देणार होती. तिचा आवाज त्यांना आवडला होता, पण दोन्ही नमुने परत आले. मागे घरघर ऐकू येते म्हणे. तिसरा आणि शेवटचा नमुना आज पाचच्या आत पाठवायचा होता, आणि भूमच्या उन्हात दोन तर कधीच वाजून गेले होते.

घोंगडं सासऱ्यांचं, धुळाप्पांचं. तिने मागितलं म्हणून त्यांनी खांद्यावरून काढून दिलं होतं. उभी हयात मेंढरांमागे काढलेला माणूस दारात बसून खोकता खोकता हसला.

“उन्हाळ्याच्या तोंडाला आमी मेंढरं कातरतो, आन् तू ह्याला घोंगडं पांघरतीस व्हय?”

“मग काय करू, मामा? लई घरघरतंय.”

मशीन निवल्यावर तिने ते चालू केलं. धुळाप्पांनी डब्यावर तळवा ठेवला, मग खालच्या पत्र्याच्या टेबलावर.

“थरथरतोय ह्यो, पण वरडतंय टेबल. पायाखाली मऊ घाल कायतरी.”

तिने मशीन बंद करून डबा उघडला. पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली. हार्डडिस्कचे दोन स्क्रू सैल होते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घालून तिने ते आवळले. वळून बघते तर धुळाप्पांच्या हातात मेंढरं कातरायची कात्री, आणि तळव्यावर घोंगड्याचे चार तुकडे.

“मामा! आत्याबाईंनी कातलेली लोकर ती.”

बायको नागूबाई गेल्यापासून त्या घोंगड्यावर ते कुणाला पायही ठेवू देत नसत.

“तिनं कधी शाळा बघितली न्हाय,” ते म्हणाले. “तिची लोकर तरी शाळंच्या कामी येऊ दे.”

डब्याच्या चारी पायांखाली तुकडे गेले. मशीन सुरू झालं, आणि कान देऊन ऐकावं तेव्हा कुठं कळावं इतकाच आवाज उरला. ज्ञानेश्वरीचे डोळे भरून आले. काही बोलणार, तोवर धुळाप्पा बाहेरून दार ओढून घेत होते.

तिने धडा एका बैठकीत वाचला. नंतर ऐकला, तर घरघर नव्हती. मागच्या खेपेला मामांच्या खोकल्याची ढास तिला दोन ठिकाणी कापावी लागली होती. या वेळी तीही नव्हती.

साडेचारला उत्तर आलं : आवाज स्वच्छ, काम तुमचं.

ती धावतच बाहेर आली. अंगणात कुणी नव्हतं. धुळाप्पा पार बांधावर, बाभळीच्या विरळ सावलीत बसले होते. डोक्यावर घोंगडं, तोंडात पटक्याचा सोगा. घोंगड्याचा कोपरा गेला होता, तिथून ऊन थेट खांद्यावर येत होतं.

“मामा, काम मिळालं! तुमच्यामुळं मिळालं. पण एवढा वेळ उन्हात कशापायी बसलात?”

त्यांनी सोगा बाजूला केला.

“झालं का समदं वाचून?” त्यांनी विचारलं. “मग खोकू का आता?”

“खोका, मामा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर सावली पडेल अशी सरकून उभी राहिली.